भाकड जनावराला व्हिटॅमिन ई: किती, कधी आणि कसं द्यायचं

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक गोठ्यांत वैरणीची वाटणी एकाच हिशेबाने होते. दुधाच्या गाईपुढे हिरवा मका, हत्ती गवत आणि गोळी पेंड. आटवलेल्या, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद केलेल्या भाकड गाईपुढे कडबा, उसाचं वाळलेलं वाढं आणि दुधाळांच्या गव्हाणीतलं उरलंसुरलं. दूध नाही तर खर्च कशाला, हा विचार समजण्यासारखा आहे. व्हिटॅमिन ईच्या बाबतीत मात्र तो नेमका उलटा पडतो. दुभत्या गाईला वजनाच्या किलोमागे रोज ०.८ आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) लागतं, आटवलेल्या गाईला १.६, आणि व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत ३. म्हणजे गरज दुप्पट-चौपट होते त्याच दिवसांत आपण तिचा हिरवा चारा काढून घेतो.

याची किंमत व्याल्यावर मोजावी लागते. वार अडकते, पहिल्या पंधरवड्यात दगडी (कासदाह) होते, वासरू उठायला वेळ लावतं, गर्भाशयात घाण राहते आणि पुढची लागवड, म्हणजे पुन्हा गाभण राहणं, लांबते. या प्रत्येकाला दुसरीही कारणं असतात. पण व्हिटॅमिन ईचं कारण गोठ्यातच, थोड्या पैशांत आणि डॉक्टर येण्याआधी टाळता येतं. म्हणून इथे सगळा भर भाकड काळावर दिला आहे. शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांसाठी लागेल तेवढं शेवटी आहे.

हे शरीरात नेमकं काय करतं

१९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी हे जीवनसत्त्व शोधलं, ते उंदरांवर. ठरावीक खाद्यावर ठेवलेल्या माद्या गाभण राहत, पण गर्भ पोटातच जिरून जाई. तेव्हापासून व्हिटॅमिन ई म्हणजे वांझपणावरचं औषध अशी त्याची ख्याती झाली. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की ई द्या, हा सल्ला आजही त्यातूनच दिला जातो. खरं काम त्याहून मोठं आहे.

शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात चरबी असते आणि ऑक्सिजनमुळे ती खवट होऊ शकते. व्हिटॅमिन ई त्या आवरणातच बसून खवट होण्याची ही साखळी तोडतं. सेलेनियम हे खनिज दुसऱ्या बाजूने तेच काम करतं. ते ज्या एन्झाइमचा भाग आहे, ते एन्झाइम पेशीतल्या पेरॉक्साइडचा निचरा करतं. दोघं एकमेकांना मदत करतात, पण एक दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

याचा सगळ्यात मोठा लाभार्थी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू मारण्यासाठी त्या स्वतःच तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्यं सोडतात, आणि आवरण कमकुवत असेल तर त्यांत स्वतःच जखमी होतात. सडातून आत शिरलेल्या जंतूंशी याच पेशी लढतात. व्याल्यानंतर वार गर्भाशयापासून सुटायलाही याच पेशींनी ती परकी म्हणून ओळखावी लागते. दगडी आणि अडकलेली वार या दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी एका जागी येऊन मिळतात, त्या इथे.

व्यायच्या आधीच्या आठवड्या-दीड आठवड्यापासून रक्तातलं व्हिटॅमिन ई घसरू लागतं आणि व्यायच्या सुमाराला जवळपास निम्म्यावर येतं. बराचसा साठा चिकात उतरतो आणि त्याच दिवसांत गाय खातेही कमी. आधीच कडब्यावर काढलेल्या गाईजवळ घसरायला फारसं काही उरलेलंच नसतं.

चाऱ्यातून किती मिळतं

हिरवं पान हा सगळ्यात चांगला स्रोत. ताज्या हिरव्या गवतात कोरड्या भागाच्या किलोमागे साधारण ८० ते २०० आययू असतं. कापून उन्हात वाळवलं की त्यातलं २० ते ८० टक्के जातं. ऊन जितकं कडक आणि दिवस जितके जास्त, तितकं नुकसान मोठं. वर्षभर गंजीत राहिलेल्या कडब्यात जवळपास काहीच उरत नाही. मुरघासात कडब्यापेक्षा बरं असतं, पण ताज्या मक्याइतकं नाही. तो हिरव्या चाऱ्याच्या हिशेबात धरू नका.

हत्ती गवतात कोरडा भाग साधारण २० टक्के धरला तर २८ किलो ओल्या चाऱ्यातून साडेपाच किलो कोरडा पदार्थ मिळतो. भाकड गाय दिवसाला ११-१२ किलो कोरडा पदार्थ खाते, म्हणजे तिच्या खाण्याचा निम्मा भाग झाला. निम्मं खाणं असं ताजं हिरवं असेल, तर वरून द्यायच्या व्हिटॅमिन ईची गरज साधारण एक तृतीयांशावर येते.

वाळवा, पलूस, कराडच्या नदीकाठच्या गावांत हे सहज जमतं, फक्त भाकड जनावराला तो चारा द्यायची तयारी हवी. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळकडे मार्च ते जून या काळात व्यायला आलेलं जनावर जवळजवळ पूर्ण शाळूच्या कडब्यावर असतं, तिथे सगळी मात्रा बाहेरूनच द्यावी लागते. २०१८-१९ च्या दुष्काळात छावण्यांतल्या जनावरांना उसाच्या कांड्या खाव्या लागल्या. कांडीत साखर असते, पोट भरतं, पण हिरवं पान नसेल तर व्हिटॅमिन ई नाही.

उसाच्या वाढ्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण गळीत हंगामात तीच इथली मुख्य वैरण. ताजं हिरवं वाढं वाईट नाही. पण तोडीनंतर दोन-तीन दिवस फडात किंवा रस्त्याकडेला पडून पिवळं पडलेलं वाढं कडब्याच्याच मोलाचं. त्यात ऑक्झॅलेटही असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर भाकड काळ काढलेल्या गाईला व्याल्यावर दुधाचा ताप, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा आजार, येण्याची भीती असते. दुधाच्या तापाने गर्भाशय मंद पडतं, आणि मग वार अडकते ती व्हिटॅमिन ई देऊनही.

लसूण घासात व्हिटॅमिन ई भरपूर, म्हणून तोच द्यावा असं वाटतं. आटवल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जरूर द्या. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र हात आखडता घ्या. त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम खूप असतं, आणि तेही दुधाच्या तापाकडे नेतं. त्या दिवसांत हिरवा मका किंवा हत्ती गवत बरं.

मोड आलेले गहू आणि हरभऱ्याविषयी स्पष्ट बोललेलं बरं. उलटणाऱ्या जनावराला पाव किलो मोड आलेलं धान्य चारायचा प्रघात आपल्याकडे सगळीकडे आहे. किलोभर गव्हात अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ईचं मुख्य रूप, दहा-बारा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मोड आल्यावर ते थोडं वाढतं, पण पाव किलोतून मिळणारे चार-पाच मिलिग्रॅम कुठे आणि भाकड गाईची आठशे आययूची गरज कुठे! खायला द्या, नुकसान नाही. पण त्यावर विसंबून मात्रा चुकवू नका.

मात्रा ठरवणं

आधी वजन. काटा नसेल तर मोजपट्टी घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन मिळतं. घेर ७२ आणि लांबी ६० असेल तर ४७१ किलो. गाभण जनावरात थोडा फरक पडतो, आपल्या कामाला चालतो.

मग चारा नुसता सुका किंवा मुरघास असेल तर ५०० किलोच्या गाईला किंवा म्हशीला:

– दुधात असताना रोज ४०० आययू
– आटवल्या दिवसापासून रोज ८०० आययू
– व्यायच्या आधीचे २१ दिवस रोज १,५०० आययू

दिवस कुठून मोजायचे हे लागवडीच्या तारखेवरून ठरतं. गाईचे दिवस साधारण २८०, म्हणून २२० व्या दिवशी आटवायची आणि २५९ व्या दिवसापासून मात्रा वाढवायची. म्हशीचे ३१० धरले तर तेच आकडे २५० आणि २८९. लागवडीची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असेल, तर त्याच ओळीत हे दोन दिवसही लिहून ठेवा. मात्रा चुकते ती बहुतेक वेळा औषधामुळे नाही, तारीख लक्षात न राहिल्यामुळे. पहिलारू कालवडीला किंवा रेडीला आटवायचं नसतं, म्हणून ती या हिशेबातून सुटते. तिलाही व्यायच्या ६० दिवस आधीपासून तसंच सुरू करा.

काय विकत घ्यायचं

पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी ५० टक्के व्हिटॅमिन ई पावडर सगळ्यात सोयीची. पाकिटावर डीएल-अल्फा टोकोफेरिल ॲसिटेट असं नाव असतं. याच्या एका मिलिग्रॅमला एक आययू धरतात, म्हणजे ५० टक्के पावडरच्या एका ग्रॅममध्ये ५०० आययू. ॲसिटेट हा शब्द पाहूनच घ्या. साधं टोकोफेरॉल हवेत आणि क्षारांच्या संगतीत लवकर खराब होतं, ॲसिटेट टिकतं आणि आतड्यात गेल्यावर मोकळं होतं.

खनिज मिश्रणाच्या पिशवीवर ठळक अक्षरात "व्हिटॅमिन ई युक्त" लिहिलेलं असतं, तिथे बरेच जण फसतात. मागच्या बाजूचा तक्ता वाचा. समजा, किलोला ५,००० आययू लिहिलं आहे आणि गाईला रोज ५० ग्रॅम देता, म्हणजे पोटात गेले २५० आययू. भाकड गाईला लागतात ८००. मिश्रण चालू ठेवा, फक्त उरलेले ५५० वेगळे द्यायला हवेत हे लक्षात घ्या. गोळी पेंडेच्या पोत्यावरचाही आकडा असाच किलोने गुणून पाहा.

ए, डी३ आणि ई एकत्र असलेली लिक्विड टॉनिकं गोठ्यात हमखास सापडतात. त्यांत ए भरपूर आणि ई बेताचं असतं. ई वाढवायचं म्हणून डोस दुप्पट केला तर ए नको तितकं जातं, आणि जास्तीचं ए हे ईच्या शोषणात आडवं येतं. माणसांच्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल चालतात, दोन कॅप्सूल म्हणजे ८०० आययू. अडीअडचणीला ठीक, रोजच्या वापराला पावडरपेक्षा महाग पडतात.

मिसळण्याची पद्धत

रोज दीड-पावणेदोन ग्रॅम पावडर मोजणं गोठ्यात जमत नाही. चिमटीने टाकली की कधी अर्धी तर कधी तिप्पट पडते. त्यावर उपाय म्हणजे आधी भुश्शात पातळ करून ठेवणं.

१०० ग्रॅम पावडर आणि ४ किलो ९०० ग्रॅम कोरडा गव्हाचा भुस्सा घ्या. सगळं एकदम ओतून ढवळू नका, पावडर एका कोपऱ्यात राहते. पावडर आधी ४०० ग्रॅम भुश्शात हाताने चोळून मिसळा. त्या अर्ध्या किलोत दीड किलो भुस्सा घालून पुन्हा मिसळा. मग उरलेले तीन किलो. शेवटी सगळं स्वच्छ ताडपत्रीवर ओतून दोन-तीनदा ढीग मोडून पुन्हा करा. झालेल्या पाच किलोत ५०,००० आययू असतात, म्हणजे १०० ग्रॅममध्ये बरोबर १,०००.

आता हिशेब सोपा. ५०० किलोच्या जनावराला आटवल्यापासून रोज ८० ग्रॅम, शेवटच्या २१ दिवसांत रोज १५० ग्रॅम. घरातल्या काट्यावर एकदा ८० ग्रॅम तोलून प्लास्टिकच्या वाटीवर खूण करा, तशीच १५० ची. पहिल्या ३९ दिवसांना तीन किलोहून थोडं जास्त लागतं आणि शेवटच्या २१ दिवसांना तीन किलोपेक्षा किंचित जास्त. एका जनावराच्या पूर्ण भाकड काळाला मूळ पावडर १२५ ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे पाच किलोचं मिश्रण एका जनावराला थोडं कमीच पडतं. महिनाभर पुरेल इतकंच करा आणि संपत आलं की ताजं करा.

मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडखाली एप्रिलमध्ये जी उष्णता असते, तिथे ठेवू नका. खनिज मिश्रणात आधीपासून कालवून ठेवू नका, त्यातले तांब्याचे आणि लोहाचे क्षार ईचे शत्रू. एकाच वेळी खाऊ घालायला हरकत नाही, एकत्र साठवायला आहे. आंबोण शिजवत असाल तर कोमट झाल्यावर वरून टाका. आणि गव्हाण एकच असेल तर त्या गाईला बांधून स्वतंत्र घमेल्यात द्या, नाहीतर शेजारची दांडगी गाय तिचा वाटा खाऊन टाकते.

व्हिटॅमिन ई जास्त झाल्याने विषबाधा होणं दुर्मीळ. पण जास्त दिलं की जास्त फायदा, हेही खरं नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भाकड काळात रोज ३,००० आययू दिलेल्या गाईंना दगडी कमी न होता उलट जास्त झाली. ज्या गोठ्यात हिरवं मुबलक आहे, तिथे वरची पूर्ण मात्रा देण्याचंही कारण नाही.

सेलेनियम: इथे हात राखून

ईबरोबर सेलेनियम हवंच, पण दोघांना एकाच मापाने मोजू नका. खाद्याच्या कोरड्या भागात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे भाकड गाईला दिवसाला साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या पुढे दीर्घकाळ गेलं की खूर आणि शिंगं बिघडतात, शेपटीचे केस गळतात. पंजाबच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त असल्याने जनावरांना हा त्रास होतो. गरज आणि विष यांतलं अंतर इतकं थोडं असलेले घटक कमीच.

म्हणून सुटं सोडियम सेलेनाइट गोठ्यात आणू नका, तोलूही नका. खनिज मिश्रणातून, गोळी पेंडेतून, लिक्विडमधून आणि इंजेक्शनमधून सेलेनियम किती जातं याची बेरीज कागदावर मांडा. चारही एकदम चालू असलेले गोठे असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ई-सेलेनियमचं इंजेक्शन उपयोगाचं आहे, विशेषतः खाण्यातून काही देणं शक्य नसलेल्या जनावराला. ते साधारण व्यायच्या दोन-तीन आठवडे आधी, डॉक्टरांच्या हातूनच द्यायचं. एखाद्या जनावराला त्याची तीव्र ॲलर्जी येऊन धाप लागते, तोंडातून फेस येतो. अशा वेळी ॲड्रेनलिन जवळ असणारा माणूस समोर हवा. लहान करडा-कोकरांत अंदाजाने टोचलेल्या डोसने मृत्यू होतात. मोठ्या जनावराचं उरलेलं इंजेक्शन शेळीच्या पिल्लाला थोडंसं देऊन टाकायचं, हे अजिबात नको.

वार अडकली तर

व्याल्यानंतर १२ तास झाले आणि वार पडली नाही, तर ती अडकली असं धरा. आता व्हिटॅमिन ई देऊन ती सुटणार नाही, त्याची वेळ गेली. वारेला दगड, वीट किंवा चप्पल बांधू नका, हाताने ओढूही नका. त्याने गर्भाशयाला इजा होते, आत तुकडे राहतात आणि घाण वाढते. ताप, खाणं बंद, दुर्गंधी यांपैकी काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

एखाद-दुसऱ्या गाईची वार अडकणं वेगळं आणि दिवस पूर्ण होण्याआधीच वासरू टाकून वार अडकणं वेगळं. तिथे ब्रुसेला या गर्भ टाकायला लावणाऱ्या जंतूची शंका घ्या. तो माणसालाही होतो. हातमोज्यांशिवाय वार किंवा टाकलेला गर्भ हाताळू नका, कुत्र्यांना मिळेल असा टाकू नका, खोल पुरून चुना टाका आणि रक्त तपासून घ्या. जुळं, अडलेलं बाळंतपण, दुधाचा ताप, कडक उन्हाळा यांनीही वार अडकते. व्हिटॅमिन ई नीट देऊनही गोठ्यात हे वारंवार घडत असेल, तर मात्रा वाढवत बसण्यापेक्षा ही कारणं एकेक करून तपासा.

वासरू आणि रेडकू

गर्भाशयातून वासराकडे व्हिटॅमिन ई फारच थोडं जातं. जन्मलेल्या वासराजवळ साठा जवळपास नसतो, तो चिकातूनच मिळायचा. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, अशी समजूत अजून बऱ्याच घरांत आहे. वार दहा तासांनी पडली तर वासरू दहा तास उपाशी, आणि चिकातलं संरक्षण शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाने कमी होत जाते. पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजा. १२ तासांत वजनाचा दहावा हिस्सा पोटात जायला हवा, ३० किलोच्या वासराला तीन लिटर. खरवसासाठी चीक काढायचाच असेल, तर वासराचा वाटा झाल्यावर.

कमतरता तीव्र असेल तर वासराच्या स्नायूंचा रोग होतो. वासरू दोन-चार आठवड्यांपासून काही महिन्यांचं असतं, डोळे तेजदार, भूक शाबूत. पण उठताना मागचे पाय थरथरतात, चाल ताठ होते, पाठ कमानीसारखी उचलली जाते. थोडं चालवलं की बसतं. मांडीचे स्नायू दाबून पाहिले तर टणक लागतात. जिभेचे स्नायू धरले गेले तर सड तोंडात घेतं, पण ओढता येत नाही, आणि दूध ओठांतून गळतं. हृदय धरलं गेलेलं वासरू पळापळीनंतर अचानक मरतं, आधी काही दिसलेलं नसतं. शवविच्छेदनात हृदयाच्या आणि मांडीच्या स्नायूंत शिजवलेल्या मांसासारखे फिके, पांढरट पट्टे दिसतात.

नाळेतून जंतू जाऊन सांधे सुजले तरी वासरू लंगडतं, पण तिथे ताप असतो आणि सांधा गरम, फुगलेला लागतो. धनुर्वातातही अंग ताठ होतं, पण तिथे जबडा आवळतो आणि आवाजाने वासरू दचकतं. स्नायूंच्या रोगाची शंका असेल तर वासराला पळवू नका, उचलून सावलीत ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. वेळेवर ई-सेलेनियम मिळालं तर पायांचे स्नायू सावरतात, हृदयाचे बहुधा नाही.

शेळ्या-मेंढ्या

माण-खटावच्या रानात किंवा जतच्या माडग्याळ कळपांसारखं फिरून चरणाऱ्या मेंढ्यांना पावसाळा-हिवाळ्यात याची चिंता नाही. अडचण आहे ती उन्हाळ्यात तुरीच्या भुसकटावर आणि मक्यावर बांधून ठेवलेल्या उस्मानाबादी शेळ्यांची. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात वजनाच्या किलोमागे साडेपाच आययूच्या आसपास द्या. ३५ किलोच्या शेळीला साधारण १९० आययू, म्हणजे वरच्या भुस्सा-मिश्रणातलं २० ग्रॅम. शेवगा, बोर, सुबाभूळ यांचा रोज थोडा हिरवा पाला मिळाला तर निम्मं काम तिथेच होतं. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं, म्हणून तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवा.

कोंबड्या

विटा-खानापूर पट्ट्यात तयार खाद्य वापरणाऱ्या शेडमध्ये कमतरता क्वचितच दिसते. दिसते ती स्वतः खाद्य दळणाऱ्यांकडे, आणि तिथेही व्हिटॅमिन ई टाकलेलं नसतं म्हणून नाही, तर खवट तेल आणि जुना भाताचा कोंडा ते संपवून टाकतात म्हणून. तेल न काढलेला ताजा कोंडा काही दिवसांतच खवट होतो. वास घ्या, जिभेवर चिमूट ठेवून पाहा. कडवट लागला तर स्वस्त मिळाला तरी घालू नका. हाच नियम जनावरांच्या खुराकालाही लावा.

दोन ते चार आठवड्यांची पिल्लं मान मागे किंवा बाजूला वळवतात, तोल जाऊन कुशीवर पडतात, पडून पाय मारत राहतात. मेलेल्या पिल्लाचं डोकं उघडलं तर मागचा लहान मेंदू सुजलेला आणि त्यावर लाल ठिपके दिसतात. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगातही मान वळते, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. राणीखेत कुठल्याही वयात येतो, सोबत धाप, घरघर आणि हिरवट विष्ठा असते, आणि तो शेडभर पसरतो. व्हिटॅमिन ईची कमतरता असेल तर ते खाद्य त्याच दिवशी बदला आणि पाण्यात मिसळणारं ई द्या. आडवी पडलेली पिल्लं बहुधा वाचत नाहीत, नवी पडणं मात्र थांबतं.

खात्री कशी करायची

गोठ्यात त्रास वारंवार होत असेल तर अंदाजावर वर्ष काढू नका. व्यायला आलेल्या तीन-चार गाईंचं रक्त डॉक्टरांकडून काढून घ्या. व्यायच्या सुमाराला रक्तद्रवात मिलिलिटरमागे किमान ३ मायक्रोग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल असावं. नळी काढल्या काढल्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवायची. दुचाकीच्या डिकीत उन्हात तासभर गेलेल्या नमुन्याचा आकडा खोटा कमी येतो. वासरू किंवा करडू अचानक मेलं तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. खंडाळा, वाई, फलटणकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडतं. उन्हाळ्यात मेलेलं जनावर चार-पाच तासांतच कुजू लागतं, तेव्हा फोन आधी आणि खड्डा नंतर.